मागून आणलेले विरजण

एकदा एक हळदीचा व्यापारी आपला मुलूख कायमचा सोडून सह्याद्रीच्या एका खोऱ्यात राहायला आला. त्याचे नाव चन्नाप्पा. कृष्णेच्या पलीकडचा, कानडी मुलखातला. साठी उलटली होती, पेढी मुलांच्या हवाली केली होती, आणि इकडे येण्यात हौसेचा भाग फारसा नव्हता. त्याची पत्नी गिरिजव्वा हिची छाती हळदीच्या धुळीने पोखरली होती. वैद्याने निक्षून सांगितले होते की बाई इथे राहिल्या तर पुढचा उन्हाळा पाहणार नाहीत, त्यांना डोंगरातली हवा द्या. ज्या हळदीने घर भरले तीच घरधनिणीच्या जिवावर उठली, ही बोच चन्नाप्पाच्या मनातून कधी गेली नाही.

ते खोरे तेव्हा परमुलखातल्या लोकांत फार प्रसिद्ध होते. आजकाल निवृत्त मंडळी डोंगरात जागा घेतात आणि भेटेल त्याला 'काय हवा आहे हो आमच्याकडे' म्हणून सांगत सुटतात, तशीच तेव्हाही घेत. गुजराथेतले, माळव्यातले, तेलंगणातले सुखवस्तू लोक येत, वरच्या पठारावर ऐसपैस घरे बांधीत, दोन-तीन हिवाळे काढीत आणि एके दिवशी कुलूप घालून चालू लागत. खाली नदीकाठी पंचवीस-तीस घरांचे जुने गाव होते. गाव ह्या मंडळींना मान देई, दूधभाजी पुरवी आणि ती निघून गेली की कोण गेले याची चौकशीही करीत नसे.

चन्नाप्पाने मनाशी ठरवले होते, आपण तसे व्हायचे नाही. आपण ह्या गावचे व्हायचे. म्हणून त्याने देवळापुढच्या घाटाला दगडी पायऱ्या बांधून दिल्या. ओढ्यावरचा लाकडी साकव पावसात दरवर्षी वाहून जाई, तिथे पक्का पूल घातला. दिवाळीला गावातल्या प्रत्येक घरी फराळाचे ताट पाठवले. त्यात कसलाही कावा नव्हता, हे आधीच सांगून ठेवले पाहिजे. हात सढळ होता आणि मनही स्वच्छ होते.

आता त्या गावची एक रीत होती, आणि ती आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत आहे. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही. त्याप्रमाणे बायका चन्नाप्पाची ताटे परत घेऊन आल्या तेव्हा एकीने परड्यातली काकडी ठेवली होती, एकीने मूठभर वरीचे तांदूळ, एकीने लिंबाएवढा गुळाचा खडा. चन्नाप्पा दारात हात जोडून उभा राही आणि म्हणे की हे कशाला आणलेत, तुमच्याच लेकरांना होईल, न्या परत. गरिबाच्या तोंडचा घास आपण कशाला घ्यावा, एवढाच त्याचा विचार. बायका कसनुसे हसत, काकडी पदराखाली घेत आणि उतार उतरून जात. पुढच्या दिवाळीला गड्यांनी ताटे पोचवली, ती परत आली घासूनपुसून लख्ख आणि रिकामी. आणणाऱ्याने ओसरीच्या कडेला ठेवली आणि कोणाला हाकही न मारता तो निघून गेला.

डोंगरातल्या हवेने गिरिजव्वाचा खोकला अर्ध्यावर आला, पण बाई वाळत चालली. दिवसभर ती ओसरीवर बसून खालच्या घरांतून निघणारा धूर पाहत राही. तिच्या माहेरी भिंतीला भिंत लागून घरे होती. इथे घरात तीन गडी, परसात चार म्हशी, आणि बोलायला कोणी नाही. एका दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, "मला परत न्या. इथे मी खोकले तर 'काय झालं' म्हणून विचारायला चिटपाखरू येत नाही. तिकडे मरेन ते माणसांत तरी मरेन."

 परत नेणे म्हणजे काय हे चन्नाप्पाला ठाऊक होते आणि तिलाही ठाऊक होते. त्याने कशीबशी तिची समजूत घातली. माघ संपेपर्यंत थांब, म्हणाला, तोवर हे गाव आपले झाले नाही तर मी स्वतः गाडी जुंपीन.

नदीच्या वळणावर एका लहानशा मठीत एक वृद्ध सत्पुरुष राहत. गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्याजवळ श्रीरंग नावाचा शिष्य होता. चाळिशीचा, काशीला शास्त्रे शिकून आलेला, विद्वान आणि थोडा उतावळा. चन्नाप्पा त्यांच्यापुढे जाऊन बसला आणि व्यापाऱ्याच्या सवयीने सरळ मुद्द्यावर आला. ह्या गावाला काय कमी आहे तेवढे सांगा, म्हणाला, मी बांधून देतो.

आबांनी विचारले, "गावाने तुम्हाला आजवर काय दिले?"

"काही नाही, महाराज," चन्नाप्पा अभिमानाने म्हणाला. "दोन वर्षांत मी कोणाकडून कणभर घेतलेले नाही."

 आबा म्हणाले, सोमवारी तुमच्याकडे जेवायला येतो.

सोमवारी ते श्रीरंगाला घेऊन आले. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, भात, घट्ट कवडीचे दही, असा कानडी थाटाचा स्वयंपाक होता. आबा पोटभर जेवले आणि गिरिजव्वाच्या हाताची तोंडभरून स्तुती केली. हात धुऊन झाल्यावर त्यांनी दह्याचे मडके मागितले. सगळ्यांना वाटले, बरोबर न्यायचे असेल. आबा मडके घेऊन परसात गेले आणि उरलेले सगळे दही त्यांनी केळीच्या बुंध्याशी ओतून टाकले. एवढ्यावर न थांबता त्यांनी ते मडके राखेने घासून, कढत पाण्याने धुऊन उन्हात पालथे घातले. दह्याचा अंशही कुठे उरू दिला नाही.

गडी तोंडात बोट घालून उभे राहिले. श्रीरंगाला राहवले नाही. अन्न टाकू नये असे आपणच शिकवता, आणि हे काय, असे त्याने तिथल्या तिथे विचारले. आबांनी त्याला उत्तर दिले नाही. ते चन्नाप्पाला म्हणाले, "आता तुमच्या घरात विरजण उरले नाही. बाजारातून आणू नका, गड्याला पाठवू नका. वाटी घेऊन खाली जा आणि मागून आणा."

"महाराज, माझ्या दावणीला चार म्हशी आहेत."

"म्हणून तर म्हशींकडे पाठवत नाही, माणसांकडे पाठवतो आहे," एवढे बोलून आबा काठी टेकीत निघून गेले.

चन्नाप्पाची कानशिले तापली. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने कोणापुढे हात पसरला नव्हता. देणाऱ्याचा हात वर असतो, हे वडिलांनी लहानपणी शिकवले होते आणि त्याने ते जन्मभर पाळले होते. आता विरजण मागायचे, आणि तेही ज्यांना पूल बांधून दिला त्यांच्याकडे. दुपारभर तो घरात येरझाऱ्या घालत राहिला. एकदा तर गड्याला हाक मारून बाजारात पाठवण्याच्या बेतात आला होता, पण ओसरीवरच्या गिरिजव्वाकडे लक्ष गेले आणि शब्द तोंडातच राहिला. शेवटी कोणी पाहू नये म्हणून सूर्य बुडाल्यावर तो वाटी उपरण्याखाली लपवून उतार उतरला.

पहिलेच घर ठकूबाईचे होते. पन्नाशीची, दणकट, नवरा आणि दोन सुना असलेली बाई. ती नुकतीच तुळशीपुढे दिवा लावून वळली होती. अंगणात शेट उभा पाहून ती गोंधळली. चन्नाप्पाने वाटी पुढे केली आणि कसेबसे सांगितले की घरातले विरजण संपले आहे, थोडे हवे होते. ठकूबाईने वाटीकडे पाहिले, दिव्याकडे पाहिले.

"दिवा लागल्यावर इरजण देत न्हाईत, शेट," ती म्हणाली.

घरातली लक्ष्मी जाते म्हणून दिवेलागणीनंतर दूधदही बाहेर द्यायचे नाही, ही तिकडची समजूत. कानडी मुलखात तोही हे ऐकतच वाढला असेल, पण मागायला कधी गेलाच नव्हता, तर वेळ कशी लक्षात राहणार? त्याला फक्त नकार ऐकू आला. ती पुढे काय बोलली हे ऐकायलाही तो थांबला नाही. घरी येऊन गिरिजव्वाजवळ बसला आणि लहान मुलासारखा रडला. "आयुष्यात पहिल्यांदा हात पुढे केला," म्हणाला, "आणि तो रिकामा आला." गिरिजव्वाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिने गड्यांना बोलावून ट्रंका बाहेर काढायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी पुरते उजाडलेही नव्हते तोच परसदारी कडी वाजली. पळसाच्या पानाने झाकलेली वाटी घेऊन ठकूबाई आत आली, ती थेट चुलीपाशी. दूध कुठे आहे म्हणून विचारले, त्यात बोट बुडवून पाहिले, फार ऊन आहे म्हणून गड्याला झापले आणि ते निवेपर्यंत बसून राहिली. मग स्वतःच्या हाताने विरजण लावून मडक्यावर फडके बांधले. बाहेर येताना तिला भरलेल्या ट्रंका दिसल्या आणि ती जागीच थांबली. मग गिरिजव्वाच्या अंथरुणाशी जाऊन तिने बैठक मारली.

"काय झालं बाई तुला? खोकला कवापासनं हाय?"

गिरिजव्वाला मराठी जेमतेम येई. तरी दोघी उन्हे अंगणात येईपर्यंत बोलत होत्या, अर्धे शब्दांनी आणि अर्धे हातांनी. जाताना ठकूबाई चन्नाप्पाला म्हणाली, "आमी दोन वर्सं वरनं जातोय, खालनं जातोय. पर आत यायचं कशाच्या निमतानं? काल तुमी मागाया आला, म्हून पाय वळला."

त्या दुपारी चन्नाप्पा मठीत गेला. श्रीरंग तिथे होताच, आणि दही ओतल्याचा उलगडा अजून झाला नाही म्हणून धुमसत होता. चन्नाप्पाने घडले ते सगळे सांगितले. तेव्हा आबा बोलले.

"शेट, तुमच्या पुलावरून मी रोज जातो आणि बांधणाऱ्याला मनातून नमस्कार करतो. पण नुसता देतच राहणारा मनुष्य गावाला वरचढ होतो, शेजारी होत नाही. त्या बायांची काकडी तुम्ही दयेने परत केलीत. त्यांना काय ऐकू आले? 'मला उपयोगी पडेल असे तुमच्यापाशी काही नाही.' असे ज्याने ऐकवले त्याच्या दारी कोण जाईल? ह्या गावात घरोघरचे विरजण कधी ना कधी दुसऱ्या घरून आलेले आहे. ठकूने लग्न होऊन आल्यावर सुताराकडून नेले, सुताराने कोणाकडून नेले ते त्यालाही आता आठवत नसेल. तुमचे दही तेवढे तुमचे एकट्याचे होते. म्हणून ते ओतावे लागले, श्रीरंगा. अन्न टाकल्याचे पाप मी माझ्या माथी घेतो."

श्रीरंगाने मान खाली घातली.  चन्नाप्पाने हळूच विचारले की ठकूबाईची वाटी घरी आहे, ती बदाम-खडीसाखरेने भरून पाठवू का.

"परसात काय लागले आहे?" आबांनी विचारले.

"मिरच्या."

"मग मिरच्या द्या. तिला पुन्हा वाटी पाठवता आली पाहिजे."

घरी येऊन चन्नाप्पाने ट्रंका माडीवर चढवायला सांगितल्या. त्या संध्याकाळी दह्याचे मडके गिरिजव्वाने स्वतः उघडून पाहिले. दही सुरेख लागले होते.

मग चन्नाप्पा मागायला शिकला. सोपे गेले नाही, जीभ पुष्कळदा अडखळली. पण कोणाचा कोयता, कोणाचे दोर, कोणाकडून नाचणीचे बी, घर शाकारायला दोन माणसे, असे तो मागत गेला आणि प्रत्येक मागण्यामागून एक माणूस घरात आले. कोणी काही आणून दिले तर दोन्ही हातांनी घेऊ लागला. सुरुवातीचा शेट केव्हा अण्णा झाला ते त्यालाही कळले नाही. गिरिजव्वाच्या ओसरीवर दुपारी बायका डाळ निवडायला येऊ लागल्या. वैद्याने एक उन्हाळाही दिला नव्हता, ती त्या गावात आणखी चार वर्षे जगली.

पाचव्या वर्षी पौषातल्या एका सकाळी ती गेली. ठकूबाई उशाशी होती. गाव वर आले. जाणत्यांनी चन्नाप्पाला एवढेच विचारले की तुमच्यात कशी रीत आहे. तो म्हणाला, "आमच्यात अग्नी देत नाहीत, माती देतात." त्या गावात दहनाची रीत. पण कोणी एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नाही. आठ-दहा जण कुदळी घेऊन पठाराच्या कडेला गेले, आणि तो सांगेल तशी त्यांनी जागा खणली. आबांचे आता वय झाले होते, तरी ते श्रीरंगाच्या खांद्यावर हात टेकून आले आणि पहिली मूठ त्यांनी टाकली.

ज्या घरचे माणूस गेले त्या घरची चूल त्या गावात त्या दिवशी पेटत नाही, शेजार शिजवून आणतो. दुपारी सगळे परतल्यावर ठकूबाईच्या सुनांनी भात आणि पिठले आणले. ओसरीवर मातीने भरलेल्या पायांची माणसे बसली. चन्नाप्पापुढे पितळी ठेवली गेली. त्याने ती जवळ ओढली आणि तो खाऊ लागला. डोळ्यांतून पाणी गळत होते, ते त्याने पुसलेही नाही. भात संपला. त्याने मान वर केली.

"थोडा भात वाढ, ठकू," तो म्हणाला.

ठकूबाईने वाढला, वर पिठले घातले आणि ती पुढच्या पानाकडे वळली. पंगतीतल्या कोणालाही त्यात काही विशेष वाटले नाही.