कडजाईची ओसरी

कडजाई देवीच्या डोंगरावर तीन मुक्काम केल्याशिवाय कुणी पोचत नाही, आणि तिसऱ्या मुक्कामानंतर जी अडचण येते तिचं नाव ओसरी. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला ढग. मधे कातळातलीच एक पट्टी, दोन सुपं शेजारी ठेवली तर एक खाली जाईल एवढी. ती तुम्ही बघताय तशी गुळगुळीत पावसानं झालेली नाही. बुडांनी झाली. इथून उभ्यानं कुणी जात नाही. साहेब आले तरी बसून सरकतात, पैलवान आले तरी बसून सरकतात, आणि मघापासून छाती काढून फोटो काढून घेणारे हे निळ्या टोपीतले पाहुणेही सरकतील. पँट जुनी असली तर बरं.

त्याचं असं झालं म्हणतात. फार मागं खालच्या खोऱ्यात रंगराव देशमुख होते. माणूस चांगला, पण त्यांची जीभ त्यांच्या पायांच्या आधी घराबाहेर पडायची. एकुलती लेक तापानं फणफणली, वैद्यानं हात टेकले, तेव्हा त्यांनी डोंगराकडं तोंड करून नवस बोलला. पोर उठली तर पायी येईन, एवढ्यावर भागलं असतं. पण चारचौघं ऐकत होते ना! म्हणाले, घरातनं निघाल्यापासून तुझ्या दारापर्यंत बूड टेकणार नाही. पोर उठली, भाकरी मागून खाल्ली. त्यांची बायको सगुणाबाई, तिनं आधी देवीला हात जोडले आणि मग तेच हात कपाळाला लावले.

नवस मोडला की ताप परत येणार, हे तेव्हा पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. लेकीला आजीपाशी ठेवून नवराबायको निघाली. वाट दाखवायला हिरू ठाकर. तो याच डोंगरात वाढलेला, आणि थट्टेखोर असा की मयताला गेला तरी लोक त्याच्यापासून लांब उभे राहायचे.

पहिल्या दिवशी देशमुख झोकात चढले. मुक्कामाला सगळे बसले, हे हातात भाकरी घेऊन उभे. झोपायची वेळ आली तेव्हा हिरूनं त्यांना त्यांच्याच शेल्यानं हिरड्याच्या बुंध्याला बांधलं आणि विचारलं म्हणे, सरकार, गळ्यात घोड्यासारखा हरभऱ्याचा तोबरा अडकवू का? देशमुख पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी नाळेतनं, म्हणजे कातळामधल्या उभ्या घळीतनं, हातापायांवर चढताना ते हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी गार वारं झोंबायला लागलं, दम पुरेना, आणि त्यांचे गुडघे नुकत्या जन्मलेल्या पाडसासारखे लटपटायला लागले. सगुणाबाई मागून चालत होती. डोंगर तिनं पाहिलाच नाही. ती फक्त ते गुडघे बघत होती. देवीला चूक सांगू आणि टेकू थोडं, असं तिनं दोनदा म्हटलंही. त्यावर ते म्हणाले, पोरीच्या जिवाशी खेळू का?

चौथ्या दिवशी या पट्टीपाशी हिरू बसला आणि सरकत पलीकडं गेला. देशमुख उभ्यानं निघाले. निम्म्यावर आले आणि दरीतनं वारा वर उसळला. डोक्यावरची पगडी गेली. ती खाली पोचल्याचा आवाजही आला नाही. देशमुख कातळाला तोंड लावून, दोन्ही तळवे चिकटवून थिजले. पुढं पाऊल उचलेना, मागं वळता येईना. हिरूची थट्टा त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडली, असं सांगतात.

सगुणाबाई सरकत त्यांच्या टाचांपर्यंत गेली. ओढलं तर दोघंही जातील, हे तिला दिसत होतं. पुढं पट्टी संपते तिथं देवीची कपार होती, आत दिवा मिणमिणत होता. तिकडं बघत ती घरी पाहुण्यांशी बोलायची तशा साध्या आवाजात बोलली.

"अहो, आपण ओसरीवर आलोय."

"कुणाच्या?"

"देवीच्या. ते काय, समोर दिवा. ओसरी आली म्हणजे दार आलं. आणि पाहुणा ओसरीवर चढला की घरधनीण आधी काय म्हणते?"

मग कातळातनं आल्यासारखा आवाज आला, "या, बसा म्हणते."

"आणि पाहुणा नाही बसला तर?"

"तर... काहीतरी राग धरून आलाय, असं वाटतं तिला."

"मग बसा की. मघापासून म्हणतेय ती बिचारी."

देशमुख विचार करत होते म्हणे, पण गुडघ्यांचा विचार आधी झाला. ते बसले, आणि बसल्या जागी झोपले. सगुणाबाईनं पाठ कातळाला लावली, त्यांच्या कमरेचा शेला दोन्ही मुठींत धरला. घोरण्यानं डोंगर हलत होता असं हिरू सांगायचा. त्यातलं निम्मं सोडून द्या. ऊन कातळावरनं उतरून दरीत गेलं, तरी तिच्या मुठी सुटल्या नाहीत. मन मात्र पोरीपाशी. बोलायला ती बोलली होती, पण देवीचं मत कुठं विचारलं होतं?

देशमुख जागे झाल्यावर दोघं सरकत कपारीपाशी पोचली. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावून कौल मागायचा. उजवं पडलं तर पावली, डावं पडलं तर नाही. देशमुखांची जीभ आयुष्यात पहिल्यांदा टाळूला चिकटली. सगुणाबाईच म्हणाली, "आई, नवस पोचला असंल तर उजवं दे."

फूल हलेना. दिव्याची वात जळत राहिली. मग उजवं फूल पडलं. आणि पाठोपाठ डावंही पडलं. तेव्हा हिरू म्हणाला, घाबरू नका बाई, कौल पहिल्याच फुलाचा. दुसरं पडलं ते तिला हसू आवरेना म्हणून.

नवराबायको खाली उतरली तेव्हा लेक वेशीवरच्या चिंचेवर चढून बसली होती. तिला उतरवताना देशमुखांनी कुठलाही नवस बोलला नाही.

आजही या टोकाला आलं की वाटाड्या "या, बसा" म्हणतो, गुळाचा खडा आणि पाणी देतो, आणि मगच पुढं सरकायचं. कुणाचा डोळा लागला तर त्याला उठवत नाहीत, सगळी मंडळी थांबते. जोडपं असेल तर नवरा पुढं, बायको मागं, आणि त्याच्या कमरेचं कापड तिच्या मुठीत. पलीकडं पोचल्यावर मूठ सोडायची असते. बऱ्याच जणी सोडत नाहीत.