ओढ्याकाठची पाळी

ऐका मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्हीही ऐका. त्या वेळी राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला आठवत नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावातलं घर न् घर पांढरंशुभ्र. तो चुना यायचा ओढ्यापलीकडच्या भट्ट्यांवरून. तिथे खोपटं बांधून चुनाभट्टीवाले राहत. बापे चुनखडी फोडत, बाया भट्टी भरत आणि पोरं टोपल्या वाहत. पोरांच्या बोटांना भेगा पडलेल्या असत, आणि उडत्या चुन्याने कितीकांची नजर ऐन तारुण्यात विझून जाई. गावाला त्यांचा चुना हवा असे. ती माणसं मात्र ओढ्यापलीकडेच बरी, असं गाव मानी.

गावात सगुणामाय नावाची सुईण होती. ओढ्याच्या दोन्ही काठांवरची लेकरं तिच्याच हातांवर जन्मली होती. एकदा ती भट्टीवर हौसाच्या खोपटात गेली. हौसाला आता माणूस आवाजावरूनच ओळखावं लागे. तिची लेक रेवू राखेत काडीने काहीतरी गिरवत होती. गावच्या धर्मशाळेत पंतोजी मुलांना शिकवत, ते तिने चुना पोचवायला गेली असताना बाहेरून पाहिलं होतं.

"माय," हौसा म्हणाली, "माझे डोळे चुन्याने खाल्ले. हिचे धड आहेत तोवर हिला चार अक्षरं दिसू देत की."

सगुणामायला ते वाक्य सोसवेना. ती तडक पाटलाकडे गेली. पाटलाने पारावर गाव बोलावलं.

पंतोजी म्हणाले, "शिकवायला माझी ना नाही. पण उपाशी पोटी अक्षर टिकत नाही. आणि ओढा अवखळ आहे. डोंगरात पाऊस झाला की इकडे थेंब नसतानाही लोंढा येतो. पोरांना आणणार कोण, पोचवणार कोण?"

सगुणामायने पदर खोचला. "एका घराला झेपायचं नाही. सगळ्यांनी वाटून घ्या."

आणि गावाने खरोखर वाटून घेतलं. शेतकऱ्यांनी भाकरीचं मान्य केलं, कोष्ट्यांनी कपड्यांचं. पोरांच्या वाटच्या टोपल्या भट्टीवरच्या आईबापांनी आपल्या डोक्यावर घेतल्या. ओढ्याची पाळी ठरली. रोज एका घरातलं मोठं माणूस काठावर जाईल, सकाळी पोरांना हात धरून आणील, संध्याकाळी परत पोचवील.

सुरुवातीचे दिवस सोन्याचे होते. धूळपाटीवर भेगाळलेली बोटं फिरू लागली. रेवू तर झपाट्याने शिकली. घरी जाऊन ती आईच्या तळव्यावर बोटाने अक्षर काढी आणि विचारी, "सांग, हे कोणतं?" हौसाचं अक्षर बरोबर आलं, की दोघी खिदळत.

पण नव्याची नवलाई किती पुरणार? कुणाच्या घरी पाहुणे आले, भाकरी राहिली. कोष्ट्याचा माग मोडला, कपडे राहिले. मग ओढ्याची पाळीही चुकू लागली. पहिल्यांदा चुकली तेव्हा पोरं आपली आपण आली, घोट्याएवढं तर पाणी होतं. काही बिघडलं नाही, म्हणून दुसऱ्याने चुकवली.

सगुणामाय घरोघर जाऊन बोलली. लोक हसून म्हणाले, "माय, एक दिवस नाही गेलं तर काय आभाळ कोसळतंय? पोरांना आता वाट पाठ झालीय."

बोलून बोलून तीही थकली.

भाद्रपदातली एक सकाळ होती. गावावर लख्ख ऊन होतं, डोंगरमाथा मात्र काळवंडलेला. सगुणामाय अंगणात शेंगा सोलत होती. डोंगराकडे पाहून तिच्या मनात आलं, उठावं, ओढ्यापर्यंत जाऊन यावं. मग वाटलं, आज पाळी कासाराची आहे, तो गेलाच असेल. ती पुन्हा शेंगा सोलू लागली.

कासार गेला नव्हता. त्याला बाजाराची घाई होती.

पोरं काठावर थांबली, वाट पाहून कंटाळली. रेवू त्यांच्यात मोठी. ती एका धाकट्याचा हात धरून पुढे झाली. मधोमध गेली तोच वरून लोंढा आला. पाय सुटताना तिने त्या धाकट्याला मागे काठाकडे ढकललं आणि ओरडली, "येऊ नका रे!" बाकीची पोरं वाचली. रेवू संध्याकाळी खालच्या वळणावर करंजाच्या मुळांत अडकलेली सापडली.

जिला जन्मतःच पहिली अंघोळ घातली होती, तिला शेवटची अंघोळही सगुणामायनेच घातली. हौसा रडली नाही. लेकीच्या तळव्यावरून ती नुसती बोट फिरवत राहिली.

पारावर गाव जमलं. सगळे कासारावर तुटून पडले. तो म्हणाला, "माझं चुकलं. पण माझ्याआधी कितीतरी घरांनी पाळी चुकवली, तेव्हा कुणी हटकलं?"

माना खाली गेल्या. सगुणामाय म्हणाली, "मला आतून कळलं होतं, तरी मी उठले नाही."

दुसऱ्या दिवसापासून भट्टीवरची पोरं पुन्हा टोपल्या वाहू लागली. गावाने धान्य पाठवलं, ते ओढ्यावरूनच परत आलं. कपडे पाठवले, तेही परत आले. शेवटी सगुणामाय हौसाच्या दारात जाऊन बसली.

हौसा म्हणाली, "शाळा आमच्या काठावर आणा, माय. तुमच्या लेकरांना ओढा उतरू दे. मग बघू, पाळी कोण विसरतंय ते."

सगुणामायने तो निरोप पारावर जसाच्या तसा सांगितला. लोक संतापले. पंतोजी मात्र उठले, धूळपाटी काखेत मारली आणि म्हणाले, "मी उद्यापासून तिकडे शिकवीन. ज्याला शिकायचं असेल त्याने यावं." त्या पंचक्रोशीत दुसरे पंतोजी नव्हते. गावाचा नाइलाज झाला.

आणि काय सांगू! त्यानंतर एकही पाळी चुकली नाही. जिथे एक माणूस जात नव्हता, तिथे चौघे जाऊ लागले. ओढा आटताच पुलाचं काम निघालं. गावाने दगड वाहिले, भट्टीवाल्यांनी चुना दिला, आणि पुढच्या पावसाच्या आत पूल उभा राहिला. दोन्ही काठांची लेकरं एका ओळीत बसून शिकू लागली.

पूल झाला त्या दिवशी सगुणामायने हौसाचा हात धरून तिला त्यावरून नेलं. हौसाने अनवाणी पायाने दगड चाचपले.

"भक्कम झालाय," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "माय, माझी रेवू गेली तेव्हाही हे दगड डोंगरात होतेच ना?"



तात्पर्य : सगळ्यांनी मिळून उचललेलं ओझं एकेकाने गुपचूप सोडलं, की ते सर्वांत लहान डोक्यावर पडतं.