आंबदऱ्याची पालथी वाटी

भैरोबाच्या देवळापुढची ही दगडी कुंडी बघा, पाहुणे. तळाशी तांब्याची वाटी पालथी आहे, तिला हात तेवढा लावू नका. मघाशी वेशीवर तुम्ही आमच्या न्हाव्याला किती वाजले विचारलंत आणि तो म्हणाला, "दाढी बगून सांगतो, दोन दिस उलटून गेलं." तुम्हाला राग आला. येणारच. पण आंबदऱ्यात वेळ विचारली की असंच उत्तर मिळतं. घड्याळं आहेत हो सगळ्यांकडे. आम्ही सांगत नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

फार पूर्वी धोंडजी गुरव गावाची वेळ राखत असे. ही भोकाची वाटी तो कुंडीतल्या पाण्यावर सोडायचा. ती भरून बुडाली की एक घटका झाली, की थाळीवर टोला द्यायचा. म्हातारपणी डोळे गेले, तरी वाटी बुडाल्याचा आवाज ऐकून तो टोला देई. त्याचा टोला कधी चुकला नाही, असे सांगतात.

असा माणूस अंथरुणाला खिळला, टोल्याचं काम गावाने घेतलं, आणि एका सकाळी तो म्हणाला, "आज दिवस मावळला की मी निगालो." त्याची एकुलती लेक चिमा घाटापलीकडे दिली होती. तिला आणायला माणूस पळाला, पण दिवस मावळायच्या आत ती पोचणं कठीण होतं. बापलेकीची भेट चुकणार म्हणून सारं गाव हवालदिल झालं. तेव्हा सगुणा कुंभारणीने कुंडीतलं पाणी उपसून ही वाटी पालथी घातली. टोलाच पडला नाही, तर आबाला वेळ कळणार कशी?

पण धोंडजी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, "दिवस किती ऱ्हायला रं?" खरं सांगावं तर म्हातारा जाईल. खोटं सांगावं, तर जन्मभर ज्याने खोटा टोला दिला नाही त्याच्यापुढे जीभ रेटेना. शेवटी सगुणाच म्हणाली, "आबा, माजी सासू अजून बोलतीया. तिचं संपल्याबिगर दिवस संपतोय व्हय?" म्हातारा हसला. मग गावाला वाट सापडली. अट्टल आळशी म्हादू म्हणाला, "मला काय इचारतोस? मी आत्ता उठलोय." त्यावर तर धोंडजी म्हणे खोकला येईस्तोवर हसला. सूर्य डोंगराआड गेला, दिवेलागण झाली, तरी दाराशी माणसांची रीघ होती. आत हसवायचं आणि बाहेर येऊन डोळे पुसायचे, असं चाललं होतं.

अखेर चिमा आली. पाय रक्ताळलेले. बापाने तिचा हात चाचपला आणि तिलाही तेच विचारलं. तिला बिचारीला काय माहीत! ती रडत म्हणाली, "आबा, लई येळ झाला. दिवस कवाच बुडाला."

दाराशी उभी माणसं आत धावली.

"ठावं हाय मला," धोंडजी म्हणाला. "गुरं घरला आली तवाच कळलं. पर पुढला काय सांगतोय, त्ये ऐकायचं ऱ्हायलं हुतं." मग लेकीचा हात हातात घेऊन तो शांतपणे गेला.

आजही ही वाटी कुणी उताणी करत नाही. आजही कुणाची अखेरची वेळ आली आणि लेक वाटेवर असली, की दाराशी गाव जमतं आणि एकेक जण आत जाऊन उत्तर देतो. न्हाव्याचा त्यात पहिला मान, म्हणून तो तुमच्यासारख्यांवर सराव करत असतो. यमाला ताटकळत ठेवणारं गाव आहे हे, पाहुणे. आंबदऱ्याची लेक आजवर कधी उशिरा पोचलेली नाही.