सहाच्या खाली नको

नांदगिरी गावात विश्वंभर नावाचा एक भोळा राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव त्याला सरळ येडा म्हणायचं, आणि गावाचं बरोबर होतं. एवढं मोठं नाव हाक मारायला परवडत नाही म्हणून सगळे त्याला विसू म्हणत. विसू चोरी करत नसे, दारू पीत नसे, खोटं बोलत नसे. खोटं बोलायलाही थोडं डोकं लागतं. त्याची खोड एकच होती. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. एकदा ऐकलेली गोष्ट तो जपून ठेवायचा आणि जिथे तिचा काडीचा संबंध नाही, नेमकी तिथे काढून वापरायचा.

त्याची धाकटी बहीण शालन. ती अंगणवाडीत शिकवायची. हुशार होती, फटकळ होती, दिसायला चारचौघींत उठून दिसायची. तिला बघायला येणारी स्थळं तिला बघून बसायची आणि विसूला बघून उठायची. शेवटी वडगावच्या जयसिंगचं स्थळ तेवढं टिकलं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. शालनला तो मनापासून आवडला होता. सुपारी फुटली. आता लग्न लागेपर्यंत विसूला आवरायचं, एवढंच काम उरलं होतं आणि तेच अवघड होतं.

जयसिंगला माशांचं वेड. लग्नासाठी त्याने घरावर वरचा मजला चढवायला काढला. सिमेंटची धूळ उडू लागली. मग त्याने आपली काचेची टाकी टेंपोत घातली आणि शालनच्या घरी आणून ठेवली. टाकी पलंगाएवढी लांब. आत सिल्व्हर डॉलर नावाचे आठ मासे. गोल, चपटे, ताटलीएवढे, चांदीचा मुलामा दिल्यासारखे. एक वळला की आठही वळायचे. आसपासची माणसं बघायला आली, “खायला कसं लागतंय?” एवढं विचारून घरी गेली.

शालन दिवसभर अंगणवाडीत. म्हणून जयसिंगने विसूला समोर बसवून समजावलं.

“विसूदादा, हे कळपानं राहणारं मासं. एकटं कधी ठेवायचं न्हाई. एकटा पडला की कोपऱ्यात थरथरत बसतो. तोंडाला काय लावत न्हाई. झुरून मरतो. एकसारखं सहा तरी पायजेत. सहाच्या खाली नको.”

“सहाच्या खाली नको,” विसू म्हणाला.

“शाणा हाईस,” जयसिंग म्हणाला. त्याचं नवीन नातं होतं, त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विसू बाजाराला गेला. तिथे रंगीत मासे विकणारा बसला होता. त्याच्यापुढे लहान लहान बाटल्या मांडलेल्या आणि एकेका बाटलीत एकेक फायटर मासा. विसूने वाकून एकेक बाटली बघितली. बिचारे एकटे! त्याने सहा फायटर घेतले. घरी येऊन घंगाळ भरलं आणि सहाही जण त्यात सोडून दिले. ज्यांच्या नावातच मारामारी आहे त्यांना विसूने एकत्र नांदायला सांगितलं. शालन घरी येईपर्यंत घंगाळात शेपट्या होत्या, पंख होते, आणि एक दमलेला मासा होता.

“आरं दादा, काय केलंस हे?”

“सोबत दिली.”

“ह्यांना सोबत? हे जातिवंत भांडखोर! जे भांडत्यात त्यांना एका भांड्यात ठेवायचं न्हाई. एकेकाला एकेक बरणी द्यायची.”

“मग आधी सांगायचंस की,” विसू म्हणाला. “आता ध्यानात ठेवतो.”

आणि त्याने ध्यानात ठेवलं. दुखणं तिथेच होतं.

दोन दिवसांनी विसूने टाकीत पालकाची जुडी टाकली. सिल्व्हर डॉलर पालेभाजीवर तुटून पडले. खाताना कुठलाही कळप करतो तशी त्यांनी थोडी ढकलाढकली केली, एकमेकांच्या मागे धावले. विसूने कपाळावर हात मारला. हेही भांडायला लागले! त्याने बाह्या सरसावल्या. एक मासा लोणच्याच्या बरणीत, एक कळशीत, एक कुकरात, एक दुधाच्या किटलीत, बाकीचे आईने झाकून ठेवलेल्या पातेल्यांतून. बरणीतला मासा तोंडाशीच अडकला, त्याला विसूने अंगठ्याने आत दाबलं. मग हात पुसून तो ओसरीवर बसला. घरात अगदी शांतता होती.

शालनने कुकर लावायला घेतला आणि आतून तिच्याकडे एक डोळा बघू लागला.

ती इतकी ओरडली की आई मागच्या दारातून पळत आली. “दादा, मोठ्या जिवाला मोठी जागा लागती! अंग वळवता आलं पायजे त्याला! मेलं असतं तर मी जयसिंगना काय तोंड दाखवलं असतं?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. विसूला वाईट वाटलं, पण का वाटलं ते कळलं नाही.

“मग आधी सांगायचंस की. टाकतो परत.”

“हात लावू नकोस! टाकीतलं पाणी कोमट आणि हे गार. एकदम टाकलं की धक्का बसतो. बघ, असं करायचं. आधी पिशवीत घ्यायचं. पिशवी बंद करायची, टाकीत तरंगत ठेवायची. मग आपल्या टाकीतलं पाणी वाटी वाटीनं पिशवीत घालायचं. सवय झाली की मग आत सोडायचं.”

विसूने डोळे मोठे करून सगळं बघितलं. आठही मासे जगले. एवढं सोसून जगले म्हणजे त्यांची खरंच कमाल होती.

शेजारी सुंदरामावशी राहायची. तिची म्हैस होती गाभण, आणि गोठा अरुंद. विसू एका दुपारी तिकडून चालला होता. म्हशीला अंग वळवता येत नव्हतं. मोठ्या जिवाला मोठी जागा! विसूने दावं सोडलं. त्याच्या माहितीतली सगळ्यांत मोठी जागा म्हणजे त्याच्याच घराचं माजघर. म्हैस उंबरा ओलांडून आत आली. तिथे फळीवर भांडी लखलखत होती, टाकीत चांदीच्या ताटल्या पळत होत्या. म्हैस बिथरली. फळी गेली, कणगी गेली, देव्हाऱ्यातले देव मोरीत गेले. टाकी वाचली ती केवळ म्हैस दुसऱ्या बाजूला वळली म्हणून.

सुंदरामावशीने विसूच्या घराण्याचा मागच्या पिढ्यांपासून उद्धार केला. तो संपल्यावर शालनने सुरू केला.

“बाहेरच्याला असं एकदम आत आणत्यात का? मासा असू दे न्हाईतर म्हैस! आधी दारात थांबवायचं. हळूहळू सवय करायची.”

“म्हणजे पिशवीतल्या माशासारखी?”

“हां, तशीच! आता जा, देव शोध.”

खरं तर इथे शालन चुकली. येड्याला ‘हां, तशीच’ असं कधी म्हणू नये. पण मोरीत देव पडलेले असताना कुणाला एवढं भान राहतं?

साखरपुड्याचा दिवस आला. वडगावची जीप दारात थांबली. आत जयसिंग, त्याचे वडील आबासाहेब, आई, दोन काका, एक आत्या. आबासाहेबांनी नवा गुलाबी फेटा बांधला होता. ते दार उघडणार एवढ्यात विसू धावत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

“उतरू नका!”

“का रं बाबा?”

“धक्का बसंल तुम्हाला.”

कसला धक्का ते आबासाहेब विचारेपर्यंत विसूने चारी बाजूंनी फिरून जीपच्या काचा वर करायला लावल्या. फक्त बोटभर फट ठेवली. पाहुण्यांना वाटलं, काही रीत असेल. लग्नघरात लोक कशालाही रीत समजतात. मग विसू आत गेला आणि घरच्या पाण्याची बादली आणि वाटी घेऊन आला. पहिली वाटी त्याने फटीतून आबासाहेबांच्या फेट्यावर घातली. थोडा थांबला. दुसरी आत्यांवर. पुन्हा थांबला. घाई केलेली चालत नाही. आत आरडाओरडा सुरू झाला, तसा विसू काचेवर टकटक करून म्हणाला, “हुतीय, हुतीय सवय! आणखी अर्धी बादली हाय फक्त!”

शालन बाहेर आली तेव्हा आबासाहेबांच्या मिशीवरून गुलाबी पाणी गळत होतं.

लग्न तिथेच मोडलं असतं, पण जयसिंगने वडिलांचे पाय धरले. आत जाऊन टाकी बघितली, आठही मासे मोजले, बाहेर येऊन म्हणाला, “आबा, ज्या पोरीनं ह्या माणसापासून माझं मासं वाचवलं, ती आपलं घर सहज सांभाळंल.” आबासाहेबांना ते पटलं. पण त्यांनी फेटा पिळता पिळता बजावलं. “आणखी एक येडेपणा दिसला, तर वरात मांडवातनं माघारी जाईल. पोरगी कितीबी चांगली असू दे.”

त्या रात्री आई विसूला म्हणाली, “लेका, आता आमचं ऐकून तू काही करू नकोस. लग्न हुईस्तोवर जावईबापू जे सांगत्याल तेवढंच करायचं. दुसरं काही न्हाई. बहिणीच्या जन्माचा प्रश्न हाय.”

“दाजी सांगतील तेवढंच,” विसू म्हणाला. बहिणीवर त्याचा जीव होता, म्हणून त्याने हे सगळ्यांत घट्ट ध्यानात ठेवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी तो आतल्या खोलीत गेला. शालन पिवळं पातळ नेसून कोपऱ्यात बसली होती. हात थरथरत होते. समोर ताट तसंच पडलं होतं.

“शालन, खात न्हाईस?”

“नको वाटतंय, दादा. भीती वाटतीय. तिथं मी एकटी पडंन रं.”

एवढी हुशार, एवढी फटकळ शालन, आणि तिच्या तोंडून हे ऐकून विसू ताडकन उभा राहिला. कोपरा. थरथर. तोंडाला काही लावत नाही. एकटी. दाजींनी हेच तर सांगितलं होतं! आता पुढचं तो विसरेल काय?

विसू गल्लीत गेला. शालनच्या वयाच्या, शालनच्या उंचीच्या पाच पोरी त्याने निवडल्या. “शालनला सोबत करायचीय,” एवढंच म्हणाला. पोरींना वाटलं, करवल्या व्हायचंय. कुठली पोर नको म्हणेल? विसूने सगळ्यांना पिवळी पातळं नेसायला लावली, कारण एकसारख्या पाहिजेत. सगळ्यांना मुंडावळ्या बांधल्या. फुलवाल्याकडून आणखी पाच हार आणून हातात दिले. मामा नव्हता म्हणून नवरीला मांडवात आणायचा मान भावाचा होता. विसूने तिला आणलं. मागून पाच जणी आल्या आणि शालनच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. शालनने मान वर केली नाही, नवरीने करायची नसते. आई स्वयंपाकाकडे होती. भटजी डोळे मिटून मंगलाष्टका म्हणत होते. बायकांनी बघितलं आणि त्यांना वाटलं, शहरातली नवीन टूम असेल.

अंतरपाटाच्या पलीकडे जयसिंग उभा होता, त्याच्या शेजारी आबासाहेब, नव्या कोऱ्या फेट्यात.

सावधान झालं. अक्षता पडल्या. वाजंत्री कडाडली. अंतरपाट खाली आला आणि समोर सहा नवऱ्या.

हार हातात, ताशा वाजतोय, समोर नवरा. पोरी गोंधळल्या आणि पाचही जणींनी एकदम जयसिंगच्या गळ्यात हार घातले. जयसिंग नाकापर्यंत झेंडूत बुडाला. भटजींनी डोळे उघडले आणि परत मिटले. आबासाहेबांनी समोरच्या नवऱ्या बोटाने मोजल्या, परत मोजल्या. यातली खरी शालन कुठली ते मात्र ओळखायला वेळ लागला नाही. जिने आपला हार नवऱ्याच्या गळ्यात न घालता विसूच्या डोक्यात हाणला, ती.

“येड्या!” आबासाहेब शेवटी गरजले. “हे काय हाय?”

“दाजींनी सांगितलंय,” विसू केसांतल्या पाकळ्या झाडत म्हणाला. “विचारा त्यांना. सहाच्या खाली नको.”

सगळा मांडव जयसिंगकडे वळला. जयसिंग हारांच्या आतून काहीतरी बोलत होता, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. आबासाहेबांनी फेटा काढून जमिनीवर आपटला. पाचही पोरींच्या आया मांडवाच्या दारातून आत घुसल्या. रेटारेटीत एक खांब कलला, तशी शालन रडत ओरडली, “दादा, आता तरी कळली का तुझी चूक?”

विसूने मांडवभर नजर फिरवली. आया, पोरी, काका, भटजी, सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते. कुणालाही अंग वळवता येत नव्हतं.

“कळली,” तो मान खाली घालून म्हणाला. “एवढ्या जणींना मांडव ल्हान झाला.”