पाणी प्यायलेला ठोकळा

हत्यारं माणसांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. अंतोबा मिस्त्रींच्या धातू कापायच्या मिलिंग मशीनवर पोलादाचा एक काळा ठोकळा बांधला होता. भट्टीतून लालभडक काढून त्याला पाण्यात बुडवलं होतं. तेव्हापासून तो इतका कठीण झाला होता, की कानस त्याच्यावरून नुसती घसरायची. तीन कटर त्याच्यावर गेले आणि तडकले. त्यांचे तुकडे खालच्या ट्रेमध्ये पडले होते.

पोलादाहून कठीण अशा कार्बाइडचा चौथा बारीक कटर बसवताना मिस्त्री म्हणाले, "गड्या, खोल घुसू नकोस. भरभर फिर, केसाएवढाच थर काढ. आणि कितीही तापलास तरी पाणी मागू नकोस. त्या तिघांनी मागितलं, मला दया आली, मी पाणी ओतलं; तापलेलं कार्बाइड पाण्यानं तडकतं, तिथंच चुकलं."

कटर फिरू लागला. लाल कीस उडू लागला. तेव्हा ठोकळा मायेनं पुटपुटला, "तापलास ना रे? पाणी माग. मीही असाच तापलो होतो."

ट्रेमधून तीन आवाज एकदम आले, "माग ना. ये आमच्यात."

कटर शहारला, पण थांबला नाही. "माझा ताप हा कीसच घेऊन जातो," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी तो पेटीत परतला. शेजारच्या तीन खाचा रिकाम्या होत्या. सगळी हकीकत ऐकून एका कोऱ्या कटरनं विचारलं, "तो ठोकळा खोटं बोलत होता का?"

"नाही रे," तो म्हणाला. "तो खरंच पाणी पिऊन कठीण झाला होता. आपण मात्र त्याच पाण्यानं तडकतो; अशा खऱ्याचीच तर भीती वाटते."