भिंतीबाहेरची कबर

“...मग पवित्र आत्मा माझ्यावरच का उतरत नाही, बाबा?”

रूबेनने हे तिसऱ्यांदा विचारलं. निवृत्त झालेल्या ओहोळ पाळकांनी टिकाव काही खाली ठेवला नाही. मे महिन्यातली मुरमाड जमीन. दहा घाव घालावेत तेव्हा कुठे घमेलंभर माती निघे.

रूबेन हा गावच्या चर्चमधल्या मंडळीचा नवा पाळक. बाबांच्याच हाताखाली शिकलेला, आणि आता त्यांच्याच जागेवर आलेला. उपदेशाला उभा राहिला की दगडाला पाझर फोडील, अशी त्याची ख्याती होती. ती सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक होती.

आज पेंटेकॉस्ट. येशू स्वर्गात गेल्यावर शिष्य माडीवर प्रार्थना करत थांबले, आणि दहाव्या दिवशी पवित्र आत्मा अग्नीच्या जिभांसारखा त्यांच्यावर उतरला, तो हा दिवस. रूबेननेही निवडक बारा माणसं घेऊन चर्चमध्ये दहा दिवस उपास-प्रार्थना मांडली होती. संध्याकाळी पाच गावांचे लोक त्याला ऐकायला यायचे होते. आणि त्याच्या आत विझल्या चुलीइतकीही ऊब नव्हती. हे सांगणार कुणाला? म्हणून तो बाबांना शोधत इथवर आला होता.

“डोक्यावर हात ठेवा, बाबा. तुमच्या हातून मिळेल मला.”

“हात गुंतलेत.”

पलीकडे बाभळीखाली अमोस पाटोळेचं प्रेत चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. त्याची बायको मार्था पदराने माश्या वारत बसली होती.

गेल्या साली पोरीचा ताप उतरेना तेव्हा अमोस तिला मरीआईच्या ओट्यावर घेऊन गेला होता. कोंबडं कापलं. पोरगी वाचली नाहीच. वर रूबेनने भर उपासनेत त्याचं नाव मंडळीतून काढल्याचं वाचून दाखवलं. काल अमोस गेला, तेव्हा रूबेनने कबरस्तानाचं फाटक उघडू दिलं नाही. नियम तो नियम. पाळकाचा रोष नको म्हणून गावातला एकही गडी खणायला आला नाही. पंचाहत्तरीचा म्हातारा तेवढा भिंतीबाहेर एकटा खणत होता.

“आत्मा उतरल्यावर शिष्य काय माडीवरच बसून राहिले?” बाबांनी विचारलं.

“नाही. बाहेर आले. परक्या मुलखांतल्या माणसांशी बोलले.”

“तुझं दार दहा दिवस उघडं होतं?”

“आतून कडी होती. प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून.”

“कुणी वाजवलं नाही?”

रूबेनने बुटाच्या टोकाने एक खडा उकरला.

“चौथ्या दिवशी,” तो म्हणाला. “अमोस आला होता.”

“काय म्हणाला?”

“कोपऱ्यात बसू द्या म्हणाला. तोंडातून शब्द काढणार नाही म्हणाला.”

“मग?”

“मंडळीच्या पंचांचं ठरलं की ये, असं मी आतूनच सांगितलं...” रूबेनची नजर बाभळीकडे गेली. “तो लगेच गेला नाही, बाबा. पायरीवर खोकत बसला. आम्ही गीत जरा मोठ्यानं म्हटलं.”

टिकाव थांबला.

मार्थाने मान वर केली नाही. “त्या दिसापासनं जेवले न्हाईत,” ती म्हणाली.

रूबेनने आयुष्यात पहिल्यांदाच बोलण्याआधी शब्द शोधले. त्याने खिशातून किल्ली काढली.

“मी फाटक उघडतो. आत नेऊ त्यांना.”

“नगं,” मार्था म्हणाली. “तितं पुन्यांदा कुनी हाकललं, तर आता उठून भाईर तरी कसं येतील?”

रूबेनने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या तळहातांचे फोड फुटले होते आणि टिकावाचा दांडा ओला झाला होता. तोच दांडा त्यांनी रूबेनपुढे धरला.

रूबेनने पांढरा झगा काढून भिंतीवर टाकला आणि खड्ड्यात उतरला.

उन्हं कलेपर्यंत तो खणत होता. मधे एकदा रडला, पण थांबला नाही. चर्चची घंटा झाली. बैलगाड्या, मोटारसायकली येऊ लागल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला.

खड्डा छातीइतका खोल झाला, तेव्हा त्याने वर पाहिलं.

“बाबा, लोक जमले. त्यांना मी काय सांगू?”

बाबांनी खड्ड्याच्या काठावर बसून हाताने रुंदी मोजली... पुन्हा मोजली.

“आणखी दोन हात रुंद खण,” ते म्हणाले. “मी गेलो की मलाही अमोसच्या शेजारीच ठेवायचंय.”