तिघांची औषधं आणि झोपलेली राजकन्या

एक होता राजा. डोंगरावर त्याचा गड, गडाखाली गाव आणि गावाला एकच तळं. राजाला एकच मुलगी, कुंतला. मोठी हुशार, बरं का.

आता त्या तळ्यात राहायचा एक यक्ष. राजाचं लेकरू मोठं झालं की तो भर दुपारी पाण्यातून वर यायचा आणि विचारायचा, "हे तळं कुणी खणलं, त्यांची नावं सांगा." नावं सांगितली की पाणी राहायचं. नाही सांगितली तर तो पाणी घेऊन पाताळात जाणार होता. तळं खणणारे गावचेच, बायका नि पुरुष, आणि त्यांच्या नावांचं एक लांबलचक गाणं होतं. राजघराण्यातल्या लेकरानं ते पाठ करायचं, अशी रीत होती.

कुंतलाला ते पाठ होतं. झोपाळ्यावर बसून ती घडाघडा म्हणायची. पण मोठ्यांचं मन फार भित्रं असतं.

राजाला वाटलं, ऐनवेळी विसरली तर? मग तो रोज सकाळी तिला दुधातून ब्राह्मी द्यायला लागला. ब्राह्मीनं बुद्धी वाढते, असं त्याला कुणी व्यापारी सांगून गेला होता. राणीलाही तीच काळजी. तिनं माहेरून शंखपुष्पी आणवली, मधात कालवली आणि दुपारी चाटवायला लागली. आणि राजाची बहीण, कुंतलाची आत्याबाई, तिनं एका गोसाव्याकडून जटामांसी घेतली. ती संध्याकाळी पाण्यात उकळून पाजायची. तिघांनी तिला एकच सांगितलं, "कुणाला बोलू नकोस हं, दृष्ट लागते." पोर गुणाची. तिघांचंही प्यायली, तिघांचंही ऐकलं.

मग काय झालं, वेणी घालता घालता ती आईच्या मांडीवर कलंडली. आई म्हणाली, "दमली गं माझी बाय." आणि मधाचं बोट मोठं केलं. मग ती झोपाळ्यावर गाणं म्हणता म्हणता पेंगली. आत्याबाईनं काढा दाट केला. मग एके दिवशी जेवताना तिचं तोंड गेलं थेट वरणभातात. हसू नका, बरं का. राजानं दुसऱ्या दिवशी दुधात दोन चमचे ब्राह्मी घातली.

शेवटी तो दिवस उजाडला. सगळं गाव तळ्याच्या पायऱ्यांवर जमलं. यक्ष वर आला, हिरवागार, दाढीला शेवाळ. त्यानं विचारलं. कुंतलानं सुरुवात केली. एक नाव, दुसरं नाव, तिसरं नाव. मग तिची मान खाली गेली, गुडघे वाकले आणि ती पायरीवर आडवी झाली.

कुणाला काही कळेना. राजा हाक मारतोय, राणी हलवतेय, आत्याबाई पाणी शिंपडतेय. पोर उठेना. आणि तळ्याचं पाणी खाली जायला लागलं. पायऱ्या उघड्या पडल्या. चिखलात मासे तडफडू लागले.

"माझ्या पोरीला कुणी विष घातलं?" राजाचा आवाज फाटला.

गावच्या वैद्यीणबाई पुढे आल्या. त्यांनी नाडी धरली, पापणी उचलून पाहिली. "विष नाही महाराज. गाढ झोप आहे. हिला काय देत होतात?"

"मी ब्राह्मी देत होतो," राजा म्हणाला. "बुद्धीसाठी."

राणी पांढरीफटक पडली. "मी शंखपुष्पी देत होते."

आत्याबाई मटकन खालीच बसली. "अगं बाई, मी जटामांसी पाजत होते गं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एकेक थोडी घेतली तर बरी," वैद्यीणबाई म्हणाल्या, "पण तिन्ही मन शांत करतात, डोळ्यावर झापड आणतात. तुम्ही तिन्ही दिलीत, वाढवत नेलीत, आणि कुणी कुणाला विचारलं नाही. आता उतरेपर्यंत तिला निजू द्यायचं. यावर उतारा नाही."

राजा यक्षाकडे वळला. गाणं त्यालाही एकेकाळी येत होतं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला एकही नाव आठवेना.

तेवढ्यात एक कोळीण म्हणाली, "माझी पणजी होती त्यात. भिवरा तिचं नाव." पाणी थबकलं. मग एक कुंभार म्हणाला, "आमचा म्हादबा." मग माळीण, मग लोहार. ज्यानं त्यानं आपल्या घरचं नाव सांगितलं.

राजानं हात जोडले. "ही नावं चालतील का?"

"मला नावं हवीत," यक्ष म्हणाला. "एकाच तोंडून हवीत असं मी कधी म्हटलं? पण अजून एक राहिलं."

ते कुणालाच येईना. ते नाव ज्या बाईचं, तिच्यामागे घरात सांगायला कुणी उरलंच नव्हतं. सगळे बसून राहिले. ऊन कलत गेलं. मग कुंतलानं कूस बदलली, डोळे चोळले, समोर यक्ष पाहिला, झोपेत कानावर पडलेली नावं मनात जुळवली आणि जांभई देत म्हणाली, "येसू. ती एकटीच होती."

पाणी सळसळत वर आलं.

मग राजानं लेकीला उचलून घरी नेलं. त्या दिवसापासून तिला साधं दूध मिळालं, आणि वैद्यीणबाईंना विचारल्याशिवाय वाड्यात कुणी कुणाला पाला उकळून दिला नाही. सगळी सुखानं नांदली.

आणि तुमचे डोळे तर काही न घेताच मिटायला लागले. सरका जरा, पांघरूण घ्या, निजा आता.